बोरखेडी फाट्याचा काटा

रात्रीचे साडेनऊ. काट्यासमोर सात मेटॅडोर,
चार बंड्या, सगळ्यांत कापूस,
आणि सगळ्यांची पाठ माझ्याकडे,
कारण पऱ्हाटीची शेकोटी तिकडे आहे.

जुना संगणक दिवाळीत गेला.
नव्यावर वजनाचा जुना प्रोग्राम चालत नाही,
आणि तो लिहिणाऱ्या माणसाचा नंबर
आता वरोऱ्याच्या एका ब्युटी पार्लरला लागतो.

म्हणून नव्या मशीनच्या पोटात मी एक खोली बांधली.
तिची चौकट वेगळी, फळ्या वेगळ्या,
आतलं सगळं सामान अकरा वर्षांपूर्वीचं.
आत शिरलेल्याला वाटावं, जग इथंच संपतं.
जुन्या माणसाला नव्या घरात
त्याचीच खाट, त्याचाच तांब्या द्यावा, तसं.

पहिलं भांडण नावांवरून.
नेट होतं: टिनावर चढून
भोंगाड्यांच्या पोरानं मोबाइल धरला होता, दोन काड्या.
पण खोली म्हणे, हे नाव मी ऐकलंच नाही.
बरोबर. पत्ते कुणाला विचारायचे
ती चिठ्ठी बाहेरच राहिली होती. एका ओळीची.
नकलून आत ठेवली.

दुसरं वायरीवरून.
काट्याची वायर मशीनला लागलेली,
पण खोलीच्या भिंतीपलीकडे.
तेवढ्यापुरती एक खिडकी पाडली.

आणि मग ती ओळ आली:
अशी फाइल नाही.

मी पाहिलं. आहे.
नाव तेच, जागा तीच, चालवायची परवानगी आहे.
पुन्हा चालवली.
अशी फाइल नाही.
अक्षराअक्षरावर बोट ठेवून वाचलं,
पुसून पुन्हा आणली,
खोली मोडून दुसऱ्यांदा बांधली.
समोर उभं राहून कुणी म्हणावं, मी घरी नाही,
आणि आपण दाराशी थंडीत
हो का, बरं, म्हणत राहावं.

नत्थूजी भोंगाडे चहा घेऊन आले.
बत्तीस वर्षं काट्यावर. आकडा दिसायच्या आधी
चाकाच्या आवाजावरून वजन सांगतात.
"काहून व पोरी, अडलं का?"
म्हटलं, फाइल आहे, पण नाही म्हणून राहिली.

ते स्टुलावर बसले. चहा माझ्याकडे सरकवला.
"आमच्या आज्याच्या पेटीत कागद होता, मोडीतला.
हापिसात गेलो का म्हणत, नोंदच नाही.
नोंद होती ना बाप्पा.
वाचनारा नव्हता राहिला."
आणि उठून बंड्यांची रांग लावायला गेले.

चहावर साय धरली.

मी फाइलच्या कपाळावरचं लिहिलेलं उघडलं.
तिथं होतं: मला सुरू करायला
अमक्याला बोलवा.
तो अमका खोलीत नव्हता.
बत्तीस बिटांचा, जुन्या घराण्याचा,
नव्या मशीननं त्याला कधी पाहिलेलंच नव्हतं.
हरवला होता तो,
आणि नाव लागत होतं हिचं, जी समोर उभी होती.

अडीच तास मी चुकीच्या माणसाला शोधत होते.

त्याला आणलं. तो एकटा येईना,
त्याचे दोन सोयरे आणले.
टिनावरून पोरगा ओरडला, ताई, हात गेला माझा.

बारा वाजून सहा मिनिटांनी
काळ्या पडद्यावर हिरवे आकडे उमटले.

वीस किलो.

काटा रिकामा होता. मी शून्य केलं नव्हतं का?
वायर हलवली. वीस.
बंद करून चालू केलं. वीस.
माझ्याच्यानं आता तिसऱ्यांदा खोली बांधवणार नव्हती.

खिडकीतून बॅटरी मारली.
लोखंडी पाट्याच्या कोपऱ्यात, जिथं दिवसाची ऊब
अजून थोडी उरली असेल,
एक तांबडं कुत्रं नाक शेपटीत घालून झोपलेलं.

पहिल्या बंडीवाल्यानं त्याला हाड केलं.
शून्य.
मग बैलांनी पाय ठेवला.